घरी मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग करायचंय? आधी वीज बघा, मग खोली, मग माइक

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. सोलापूरच्या पूर्व भागात ज्या मोटरींवर यंत्रमाग चालतात, त्या जळाल्या की माझ्या टेबलावर येतात. संध्याकाळी गल्लीतल्या भजनी मंडळात मी तबल्याला बसतो. मंडळात मराठी अभंग म्हणणारे आहेत, तेलुगू भजनं म्हणणारे पद्मशाली शेजारी आहेत, आणि सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं पाठ असलेले एक काका आहेत. या सगळ्यांचं रेकॉर्डिंग माझ्या घरातल्या आठ बाय दहाच्या खोलीत होतं, एका लॅपटॉपवर, एकेकाचं वेगळं. ते बघून पोरं विचारायला येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "दादा, माइक कुठला घेऊ?" मी म्हणतो, माइकचं नंतर बघू की, आधी सांग, तुझ्या घरच्या बोर्डाला अर्थिंग आहे का?

मल्टिट्रॅक म्हणजे प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक गळा आपापल्या ट्रॅकवर. हार्मोनियमवाल्याचा हात एका जागी चुकला तर तेवढंच पुन्हा वाजवायचं, गाणाऱ्याला परत बोलवायची गरज नाही. १९५७ साली अँपेक्स कंपनीनं लेस पॉल या गिटारवादकासाठी आठ ट्रॅकचं टेप मशीन बनवलं तेव्हा ते खोलीभर पसरणारं आणि अफाट महाग काम होतं. १९७९ मध्ये टास्कमनं चार ट्रॅकचं कॅसेटवर चालणारं यंत्र काढलं आणि घरात बसून हे करता यायला लागलं. आज साध्या लॅपटॉपवर वीस-तीस ट्रॅक आरामात चालतात. यंत्राची अडचण राहिलेली नाही. आपल्याकडे अडचण आहे ती आवाजाची आणि विजेची.

सामान थोडकं आहे. लॅपटॉप, दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी छोटी पेटी), एक माइक, स्टँड, माइकची तीन पिनांची एक्सएलआर केबल, आणि कान पूर्ण झाकणारा बंद पाठीचा हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन अजिबात चालणार नाही. त्यात आवाज इतका उशिरा पोचतो की त्याच्यावर ऐकून कुणीच लयीत गाऊ शकत नाही. इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणारा घ्या, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागणारा नको. का ते पुढे येतंय. सॉफ्टवेअर म्हणून मी रीपर वापरतो. ६० दिवस सगळ्या सोयींसह मोफत वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. अ‍ॅपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, त्यावर सुरुवात करा.

पहिला माइक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइक नाजूक आवाज सुंदर पकडतो, पण तो शेजारच्या मागाची खटखट, वरच्या मजल्यावरचा नळ आणि गल्लीतली रिक्षासुद्धा तितक्याच प्रेमानं पकडतो. डायनॅमिक माइकला जवळचं ऐकू येतं, लांबचं कमी. श्युअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक आहे आणि त्याच्यावर आजही निर्धास्त गाता येतं. जुळे सोलापूरच्या शांत सोसायटीत राहत असाल तर कंडेन्सर घ्यायला हरकत नाही. त्याला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण दाबावं लागतं, डायनॅमिकला लागत नाही.

वीज

हेडफोन लावून, कुणी गात नसताना, आवाज वाढवून ऐका. खाली एक "हूँ" असा सूर लागलेला असेल तर ती ५० हर्ट्झची घरची वीज आणि तिच्या १००, १५० च्या पटी. हा सूर सातत्यानं असतो आणि तो तुमच्या षड्जाशी सहसा जुळत नाही. प्रत्येक ट्रॅकवर तो थोडाथोडा येतो आणि आठ ट्रॅक एकत्र वाजले की चांगलाच जाणवतो.

आता लॅपटॉपचा चार्जर काढा. हम, म्हणजे तो "हूँ", गेला? मग दोष चार्जरच्या किंवा अर्थिंगच्या बाजूला आहे. माइकच्या धातूला किंवा इंटरफेसच्या पेटीला हात लावल्यावर हम कमीजास्त होतो? तरीही अर्थिंगच. जुन्या घरांमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो, पण वरच्या जाड भोकामागं वायरच जोडलेली नसते. बाहेरून बघून कळत नाही. आणि नुसत्या डिजिटल मीटरवर विसंबू नका, तुटक्या वायरवरही तो काहीतरी आकडा दाखवतो. वायरमन फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघतो. दिवा पूर्ण तेजानं पेटला तर अर्थची वायर नीट जोडलेली आहे. घरात आरसीसीबी (वीज अर्थमध्ये गळली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर तो तिथंच ट्रिप होईल, तीही चांगलीच खूण. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या. उन्हाळ्यात आपली जमीन कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी बरं असलेलं अर्थिंग मे महिन्यात ढिलं पडतं. खड्ड्यात नियमित पाणी ओतत राहा.

काही जण हम घालवायला प्लगची अर्थची पिन कापतात किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावतात. हे कधीही करू नका. हातात धातूचा माइक आणि ओठ त्याला टेकलेले, अशा वेळी त्या पिनवर जीव अवलंबून असतो.

अर्थिंग नीट झालं की लॅपटॉप, स्पीकर, जे काही असेल ते सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. दोन खोल्यांतल्या दोन सॉकेटवरून घेतलं तर दोन अर्थमधल्या फरकानं पुन्हा हम येतो. माइकची केबल आणि विजेची वायर शेजारी शेजारी नेऊ नका; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. पंख्याचा टप्पे नसलेला, गोल फिरणारा रेग्युलेटर असेल तर तो "चर्र" असा आवाज सोडतो. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा मुळातच बंद असतो, पण शेजारच्या खोलीतला रेग्युलेटरही त्रास देऊ शकतो. तो पूर्ण वेगावर तरी ठेवा किंवा बंद तरी करा.

आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर चालवा. इंटरफेस यूएसबीवर चालणारा घ्या म्हटलं ते यासाठी. अशा वेळी भिंतीतल्या विजेशी तुमचा काही संबंधच राहत नाही. आमच्या गल्लीत लाइट गेली की लोक वैतागतात, मी हेडफोन उचलतो. सगळ्या गल्लीतले माग एका क्षणात थांबतात, पंखे थांबतात, फ्रिज थांबतात. बॅटरी भरलेली ठेवायची आणि गाणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की लाइट गेली की ये. माझ्याकडचे सगळ्यात स्वच्छ आवाज अशा वेळी रेकॉर्ड झालेले आहेत. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर मात्र चालू असेल तर बंद करा. त्याची गुणगुण घरच्या विजेपेक्षा वाईट.

खोली

छोट्या खोलीत टाळी वाजवा. मागं "टिंग" असा पातळ नाद आला तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा फिरतोय. इथं सोलापूरकरांचं नशीब चांगलं आहे. जाड सुती चादर आपल्या घरात कमी नाही. पण ती भिंतीला चिकटवून ठोकू नका. भिंतीपासून वीतभर पुढे, दोरीवर, चुण्या पाडून टांगा. कापड आवाज शोषतं तो हवा हलते तिथं, आणि भिंतीलगत हवा हलत नाही. एक हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३४ सेंटीमीटर, तिचा चौथा भाग साडेआठ सेंटीमीटर. वीत त्याहून मोठीच, म्हणून वीतभर अंतर ठेवलं की गळ्याच्या वरच्या अंगाचा नाद चांगला मरतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला मात्र चादर काही करू शकत नाही. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या आसपास असते. त्यासाठी खोलीच्या कोपऱ्यांत गाद्यांच्या गुंडाळ्या उभ्या करा आणि तबला कोपऱ्यात वाजवू नका.

लोखंडी कपाट तपासा. डग्ग्यावर "घे" पडला की कपाटाचं दार थरथरतं, आतले हँगर किणकिणतात. कपाट कपड्यांनी गच्च भरा, दाराच्या फटीत टॉवेल खोचा. मागांचा आवाज हवेतून येतो तसा जमिनीतूनही येतो, स्टँडवाटे माइकमध्ये चढतो. स्टँडखाली टर्किश टॉवेलाच्या दोन-तीन घड्या ठेवल्या की तो बराच तुटतो.

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा, कूलर बंद ठेवून कुणाला गायला लावणं बरं नाही. पहाटे पाच ते सात ही वेळ धरा. एका टेकनंतर पंखा लावा, पाणी द्या, मग पुढचा टेक. वयस्कर माणसांच्या बाबतीत हे नक्की पाळा.

सेटिंग आणि पातळी

नवा प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर जागा लागते. सहा मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं ४१५ एमबीच्या आसपास जातं. एवढी जागा सगळ्यांकडे असते. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं पोचवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण वापरा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटर बंद करा.

पातळी ठरवताना "जरा म्हणून दाखवा" असं सांगितलं की माणूस हळू म्हणतो. त्याला शेवटचा गजर म्हणायला लावा. त्या गजराला काटा उणे १२ डीबीच्या आसपास जाईल एवढाच गेन (इंटरफेसवरचं माइकचा आवाज वाढवायचं बटण) ठेवा. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं. शून्याला धडकून फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

सूर आणि लय: पाया कसा घालायचा

घरातलं कुठलं वाद्य पक्कं आहे ते ओळखा. हार्मोनियम रेकॉर्डिंगच्या दिवशी हलत नाही, म्हणून सगळं तिच्याशी जुळवायचं. मोबाइलमधला ट्यूनर लावून तिचा सा बघा. जुनी पेटी असेल तर काळी दोन नेमकी काळी दोनवर नसते, थोडी चढी किंवा उतरी असते. तेवढाच फरक तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये बारीक ट्यूनिंगनं करून घ्या, मग तबला त्या तानपुऱ्याशी लावा. कोरड्या गरमीत पुडी ताणते आणि तबला चढतो, पावसाळी हवेत उतरतो. प्रत्येक टेकच्या आधी सगळी घरं तपासायची. हे कंटाळवाणं वाटतं, पण चढलेला तबला नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं गोड होत नाही.

आता लय. इंटरनेटवरचं शिक्षण बहुतेक ठिकाणी क्लिकपासून सुरू होतं: मेट्रोनोम लावा, त्याच्यावर सगळे वाजवा. बालगीत, भावगीत, एका लयीत चालणारं काही असेल तर ते योग्यच आहे. त्यातही नुसत्या "टिक"ऐवजी तबल्याच्या ठेक्याचा लूप लावा. आपल्या माणसाला सम ऐकू यायला हवी, नुसते ठोके मोजून तो अवघडतो.

अभंगाची गोष्ट वेगळी. भजनी ठेका आठ मात्रांचा, सुरुवात संथ, प्रत्येक चरणाला लय कणाकणानं चढते आणि गजराला कळस गाठते. ही चढण गाणाऱ्याच्या श्वासातून येते. ती क्लिकला बांधली की अभंगाचा प्राण जातो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आम्ही पाया असा घालतो: तबला रेकॉर्डिंगच्या खोलीत, इनपुट एकवर. गाणारा पेटी घेऊन स्वयंपाकघरात, इनपुट दोनवर, दार बंद. हेडफोनची वायर स्प्लिटरनं दोघांना. म्हणजे या टेकपुरता दुसरा माइक आणि दुसरा हेडफोन लागतो. दोघं एकमेकांना ऐकत पूर्ण अभंग सलग करतात, जसा मंदिरात करतात तसा. यातला तबला ठेवायचा असतो. स्वयंपाकघरातलं गाणं-पेटी फक्त वाट दाखवायला, ते नंतर काढून टाकायचं आणि निवांत पुन्हा रेकॉर्ड करायचं.

सुरुवातीला तबलजीनं टाळ्यांचं एक पूर्ण आवर्तन द्यायचं, आठ टाळ्या. क्लिक नसताना पुढच्या प्रत्येकाला नेमकं कुठं उठायचं ते या टाळ्यांवरून कळतं. या पायाच्या टेकवर वेळ घालवा. लय डगमगली असेल तर पुढे जाऊ नका, सगळं पुसा आणि पुन्हा करा. याच्यावर जे जे चढेल ते त्याच डगमगीत बसणार आहे.

एकेक ट्रॅक

तबल्याला एकच माइक असेल तर दायां-बायांच्या मधोमध, पुड्यांपासून फूट-दीड फूट वर, थोडा वादकाच्या समोरून. बायां, म्हणजे डग्गा, कमी वाटला तर गेनला हात लावू नका, माइक दोन बोटं बायांकडे सरकवा. दोन माइक लावलेत तर दोन्ही एकत्र ऐका आणि एकाचं पोलॅरिटी उलटवण्याचं बटण दाबून बघा. ज्या बाजूला डग्गा भरीव येतो ती बाजू ठेवा.

हार्मोनियमला माइक भात्याजवळ नको, तिथं हवेचा आवाज आणि भात्याची खटखट येते. वरच्या बाजूनं, दीड फुटावर, सुरांकडे तोंड करून.

गळ्यासाठी माइक ओठांपासून एक वीत. "पांडुरंग"मधला प आणि "भक्ती"मधला भ माइकवर हवेचा धक्का मारतो. माइक तोंडाच्या रेषेतून जरा बाजूला घेऊन तिरका धरा; बांबूच्या कशिद्याच्या रिंगवर पातळ मलमल ताणून मध्ये उभी केली की पॉप फिल्टर तयार. हेडफोनची सवय नसलेल्या माणसाला स्वतःचा आवाज परका वाटतो आणि सूर सुटतो. त्याला एक कान मोकळा ठेवू द्या, पण मोकळ्या बाजूची वाटी डोक्याला दाबून ठेवायला सांगा, नाहीतर तिच्यातला तबला गळ्याच्या ट्रॅकवर येतो.

तीन टेक घ्या, त्याहून जास्त नको. गळा आणि मन दोन्ही थकतात. त्यातला जो सगळ्यात जिवंत असेल तो मुख्य ठेवा आणि त्यातली एखादी अडखळलेली ओळ दुसऱ्या टेकमधून घ्या. कापायचं ते श्वासाच्या आधी, श्वासाच्या मध्ये नाही.

मागच्यांसाठी चौघं एका माइकभोवती हातभर अंतरावर. एकदा म्हणून झालं की जागा बदला आणि वेगळ्या ट्रॅकवर पुन्हा म्हणा. चौघांचे आठ होतात. टाळ मात्र कधीही यांच्यासोबत नको. टाळाचा आवाज टोकदार, सगळ्यांना चिरून पुढे येतो. टाळ शेवटी, एकट्यानं, माइकपासून सहा फुटांवर आणि माइककडे पाठ करून.

मिक्स

सगळ्या ट्रॅकचा आवाज खाली आणा. आधी गळा, मग तबला, या दोघांचंच जमवा. मग तानपुरा जेमतेम कळेल एवढा, मग पेटी, मागचे, सगळ्यात शेवटी टाळ. गळा आणि तबला मधोमध, पेटी जरा डावीकडे, टाळ जरा उजवीकडे, मागच्यांचे दोन ट्रॅक दोन बाजूंना. गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झखालचं काढून टाका, त्यात मागांची घरघर सोडून काही नसतं. डग्ग्याला तो फिल्टर लावू नका. रिव्हर्ब, म्हणजे सॉफ्टवेअरनं दिलेला घुमारा, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा टाकू नका, एकच वेगळा ट्रॅक करून सगळ्यांचा थोडा थोडा आवाज तिथं पाठवा, म्हणजे सगळे एकाच सभामंडपात बसल्यासारखे वाटतात. किती? रिव्हर्ब बंद केल्यावर कळावा आणि चालू असताना लक्षात येऊ नये इतकाच.

मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण निम्मे लोक तिथंच ऐकणार. तिथं डग्गा नाहीसा होतो. म्हणून त्याचा आघात, बोटांचा आवाज, थोडा वाढवा. शेवटचा काटा उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

यूट्यूबवर टाकणार असाल तर एक लक्षात घ्या. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत. पण एखाद्या संगीतकारानं बांधलेली चाल त्याची असते, आणि आपल्या कायद्यात तो हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मंडळाची परंपरागत चाल घ्या किंवा स्वतः बांधा.

मंडळातल्यांना पहिला मिक्स पाठवाल तेव्हा "कसं वाटलं" असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला काय खटकलं ते लिहून मागा. तेवढ्याच जागा पंच-इननं भरा: दोन ओळी आधीपासून ऐकवायचं, हव्या त्या ओळीलाच रेकॉर्ड सुरू होईल असं लावायचं. माइकची जागा तीच हवी, म्हणून पहिल्या दिवशीच स्टँडच्या पायांभोवती फरशीवर खडूनं खुणा करा आणि गेनच्या बटणाचा मोबाइलवर फोटो काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डर रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि ती डिस्क त्या खोलीत ठेवू नका.